तळघरातले काका

जिना उतरून खाली गेलं की आधी पाट्या भेटतात, मग काका.

पहिली पाटी दारावरच: 'दार लावून घ्यावे. आतला अंधार मुद्दाम केलेला आहे.' दुसरी चपलांच्या रॅकवर: 'धूळ बाहेर ठेवावी. आत ती हजार पट मोठी दिसते.' तिसरी मर्क्युरी लॅम्पच्या पेटीवर, लाल शाईत: 'बंद करून लगेच चालू करू नये. हा पंखा नव्हे.' आणि सगळ्यांत मोठी पाटी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या डोक्यावर, जिथे देवघरात गणपतीची तसबीर असते त्या उंचीला: 'मागच्याने तसंच ठेवलं होतं, हे कारण नाही.'

संस्था पुण्यातली आहे, हे वेगळं सांगायला नको.

पण काका एकट्या पुण्याचे नाहीत. जिथे जिथे महागडे सूक्ष्मदर्शक एका छताखाली ठेवून सगळ्या प्रयोगशाळांना तासावर वापरायला देतात, तिथे तिथे हे असतातच. कुठे त्यांना मॅनेजर म्हणतात, कुठे टेक्निकल ऑफिसर, कुठे नुसतंच 'इमेजिंगवाले'. पुष्कळदा काकांच्या जागी मॅडम असतात. पाट्यांची भाषा बदलते, जात बदलत नाही.

आमचे काका पन्नाशी ओलांडलेले. अंगात बारा महिने स्वेटर, कारण यंत्रांना एकवीस अंश लागतात आणि यंत्रांना जे लागतं ते काकांना सोसतं. सदऱ्याच्या खिशात लेन्स पेपरची गड्डी. रुमाल वेगळ्या खिशात, आणि हे दोन खिसे आयुष्यात एकमेकांना भेटणार नाहीत याची पक्की व्यवस्था. ऑब्जेक्टिव्हला, म्हणजे नमुन्याजवळच्या लेन्सला, रुमाल लावलेला एक पोस्टडॉक पुढे परदेशी गेला. त्या रुमालामुळेच गेला असं काका मानतात. स्वतःचा चष्मा मात्र ते सदऱ्याच्या टोकानं पुसतात. तेही दिवसातून एकदा, जेवण झाल्यावर, ज्या हातानं जेवले त्याच हातानं.

सोसायटीत त्यांना 'दुर्बीणवाले' म्हणतात. ग्रहण आलं की गच्चीवर बोलावणं ठरलेलं. "अहो, मी त्या बाजूचा नाही," काका सांगून दमले, "मी खाली बघतो."

मी पहिल्यांदा खाली गेले ती पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी, ट्रेनिंगला. ट्रेनिंगशिवाय काका यंत्राला हात लावू देत नाहीत आणि ट्रेनिंगचा पहिला तास यंत्राला हात न लावताच जातो. टेबलावर एक पेला होता, त्यात पिवळं तेल, शेजारी काचेची कांडी.

"हे काय आहे?"

"तेल."

"कसलं?"

वास घेतला. गोडंतेल होतं, घरून डबीतून आणलेलं. काकांनी बोरोसिलची कांडी त्यात बुडवली आणि तेलात गेलेला भाग दिसेनासा झाला. वरचा अर्धा हातात, खालचा अर्धा गायब. मी बावळटासारखी पेल्याच्या मागे जाऊन पाहिलं.

मग त्यांनी समजावलं. काच दिसते ती प्रकाश तिच्या कडेला वळतो म्हणून. त्या काचेचा अपवर्तनांक आहे १.४७ च्या आसपास, गोड्या तेलाचाही तितकाच. प्रकाशाला काच संपून तेल कुठे सुरू झालं ते कळतच नाही, तो सरळ निघून जातो. स्लाइडवरच्या कव्हरस्लिपची काच १.५२ च्या घरातली, हवा १. पेशीतून निघालेला तिरपा प्रकाश काचेतून हवेत येताना इतका वाकतो की लेन्सच्या हातीच लागत नाही. म्हणून ६३ एक्सच्या ऑब्जेक्टिव्हला तेलाचा थेंब लावायचा, १.५१८ वाला. काचेतून तेलात, तेलातून काचेत. प्रकाशाला उंबरठाच लागू द्यायचा नाही.

"मग गोडंतेलच का नाही लावत?" आमच्यातला एक हुशार म्हणाला.

काका त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "फोडणीला लाव," म्हणाले.

तेल हा काकांच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक विषय. तेलाच्या लेन्सला तेल लावायचं, कोरड्या लेन्सला लावायचं नाही, नियम एवढाच. पण ४० एक्स कोरडी आणि ६३ एक्स तेलाची या दोघी एकाच चकतीवर शेजारीशेजारी बसलेल्या असतात. विद्यार्थी रात्री दोन वाजता चकती उलटीकडून फिरवतो आणि कोरडी लेन्स तेलाच्या थेंबातून न्हाऊन निघते. सकाळी काकांना ते यंत्र न बघता, खोलीच्या वासावरून कळतं असं म्हणतात. मी ते पाहिलेलं नाही, पण त्यांचा चेहरा पाहिलाय. पितरांच्या पानातलं कुत्र्यानं खाल्लं तर आजीचा असाच व्हायचा.

पावसाळ्यात हीच लेन्स लोणच्याच्या बरणीसारखी सांभाळावी लागते. ओला हात लावायचा नाही, झाकण उघडं टाकायचं नाही, कोरड्या जागी ठेवायची. एवढं करूनही बुरशी येते ती येतेच, आणि लेन्सवरचं लेपन खाते. लोणचं फार तर फेकून देता येतं. ही लेन्स लाखांतली. म्हणून मुसळधार पावसाच्या रविवारी काका छत्री घेऊन संस्थेत येतात, डिह्युमिडिफायरची टाकी रिकामी करतात, सिलिका जेलचे खडे निळे आहेत की गुलाबी पडलेत ते पाहतात, आणि घरी जाऊन झोपतात. काकूंना हे सांगायची सोय नाही. रविवारी संस्थेत नक्की कोण भेटतं, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. काकांनी खरं तेच सांगितलं, आणि ते त्यांना पटलं नाही.

बुकिंग हा दुसरा विषय. संस्थेत पस्तीस-चाळीस लोक, चांगला कॉन्फोकल एक. वाड्यात सामाईक नळाला पाणी यायचं तेव्हा जी माणसं दिसायची तीच सगळी इथे दिसतात, फक्त पदव्या घेऊन. पहाटे हंडा लावून ठेवणारे आहेत: चार तासांचा स्लॉट अडवून ठेवतात आणि येतच नाहीत. 'माझं पाचच मिनिटांचं काम' म्हणत मधे घुसणारे आहेत. आपल्या बाईंना, म्हणजे गाइडना, वरून फोन करायला लावणारेही आहेत. काका फोन घेतात, "हो मॅडम, बघतो मॅडम," म्हणतात आणि काहीही बघत नाहीत. न आलेल्याला पूर्ण तासांचं बिल लागतं. यावर वर्षातून एकदा समिती बसते, चहा पिते आणि काकांचंच बरोबर होतं असं ठरवून उठते.

गणपतीच्या आधीचा महिना त्यांना जड जातो. सूक्ष्मदर्शकाचं टेबल हवेवर तरंगतं; खाली हवेचे पाय असतात, रस्त्यावरच्या ट्रकचा हादरा ते पायातच जिरवतात. खोली तळघरात असण्याचं कारणही तेच. पण हवेतून येणाऱ्या आवाजाला टेबल काही करू शकत नाही, आणि त्या दिवसांत संध्याकाळी ढोलपथकाचा सराव सुरू होतो. ६३ एक्सच्या लेन्सचं टोक आणि कव्हरस्लिप यांच्यात मिलिमीटरचा पाचवा हिस्साही जागा नसते. तिथे रात्रभर, दर पाच मिनिटांनी एक फोटो, अशी एका पेशीची फिल्म चाललेली, आणि पेशी तालावर नाचते. काकांच्या लॉगबुकात त्या दिवसांत एक जादा रकाना असतो: 'ढोल'. गंमत अशी की पथकात आमचेच दोन जण होते. संध्याकाळी ते वाजवत आणि सकाळी येऊन, फिल्म हलतेय, यंत्र बिघडलंय, अशी तक्रार करत. काकांनी त्यांना काही सांगितलं नाही. लॉगबुकाचं पान उघडून समोर ठेवलं.

आता हळदीबद्दल सांगायलाच हवं, कारण ती माझी आहे.

माझं प्रोटीन जीएफपी जोडलेलं होतं. जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रोटीन, ज्यासाठी शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते पेशीत कुठे बसतं एवढंच मला बघायचं होतं. एका सकाळी आठ स्लाइड केल्या, स्लॉट अकराचा होता, खाली घेऊन गेले. पडद्यावर पेशी आल्या, फिकट, नेहमीसारख्या. आणि पेशींच्या बाहेर, कव्हरस्लिपच्या कडेकडेनं, भलतंच तेजस्वी हिरवं. मी श्वास रोखला. माझं प्रोटीन पेशीबाहेर पाझरत होतं! तसं कोणीच लिहिलेलं नव्हतं. मी वर जाऊन गाइडना सांगितलं, ते धावत खाली आले, पडदा पाहिला आणि उभ्या उभ्या पेपरचं शीर्षक सुचवायला लागले. शीर्षकात 'अनपेक्षित' हा शब्द होता.

काका मागे उभे होते. कुणाच्याही पडद्यावर चांगलं काही दिसलं की ते मागे येऊन उभे राहतात, आणि त्यांना आनंद झालेला नसतो. आयुष्यभर दुसऱ्यांना हवं ते दाखवायचं काम केलेल्या माणसाला सुंदर चित्राचा संशय येतो.

"न रंगवलेली स्लाइड आहे का? कंट्रोल?"

नव्हती.

"४८८ चा लेसर बंद कर. ४०५ लाव."

लावला. बाहेरचं हिरवं आणखी पेटलं. पेशी मात्र मंदावल्या.

"जीएफपी ४०५ नं मंद व्हायला पाहिजे," काका म्हणाले. "झालाय, पेशीतला. मग बाहेरचा कोण?" थोडं थांबले. "सकाळी काय खाल्लंस?"

गाइडनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं. मी म्हणाले, पोहे.

काकांनी खणातून कोरी स्लाइड काढली. "अंगठा दे." तलाठ्यासमोर द्यावा तसा मी अंगठा दिला. स्लाइड यंत्राखाली गेली आणि पडद्यावर माझ्या अंगठ्याच्या रेषा उमटल्या, हिरव्या, झळझळीत, आधार कार्डाला हेवा वाटावा इतक्या स्वच्छ. कँटीनच्या पोह्यांतली हळद. तीतलं कर्क्युमिन निळ्या-जांभळ्या प्रकाशात हिरवं चमकतं. मी हातमोजे घातले होते, पण घालताना ते बोटांनी उलटेसुलटे केले होते, आणि मग कव्हरस्लिपा नीट बसवल्या होत्या.

"आता लेसर तसाच राहू दे," काका म्हणाले. मिनिटभरात रेषा विटायला लागल्या. "आई हळदीचा डाग पडलेला सदरा उन्हात वाळत घालते की नाही? का घालते? डाग उडतो म्हणून. तुम्ही याला फोटोब्लीचिंग म्हणता."

गाइड केव्हाच वर निघून गेले होते. काका लॉगबुकात काहीतरी लिहीत होते. "वाईट वाटून घेऊ नको," म्हणाले. "तीन वर्षांत तू चौथी. कँटीनवाल्याला सांगितलंय, हळद कमी घाल."

पांढऱ्या एप्रनचंही असंच. निळ्या चॅनेलमध्ये कुणाला लांब झगझगीत तंतू दिसला की तो 'बुरशी, बुरशी' म्हणून ओरडतो. काका त्याचा एप्रन दाखवतात. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून साबणात जी चमक असते, ती अतिनील प्रकाशात निळी पेटते. काकांच्या वडिलांच्या धोतराला टिनोपाल असायचं. त्याच जातीचं एक द्रव्य कॅल्कोफ्लुओर या नावानं बुरशीच्या पेशीभिंती रंगवायला वापरतात. "म्हणजे दोन्ही बरोबर," काका म्हणतात. "बुरशीही निळी, धोतरही निळं. नुसत्या निळ्यावरून बुरशीला अटक करता येत नाही."

या माणसाला इतिहास विचारला की मात्र तो खुलतो. १८७३ मध्ये येनाच्या एर्न्स्ट आबे यांनी दाखवून दिलं की प्रकाशानं बघताना एका मर्यादेच्या आत जाता येणार नाही: लहरीच्या लांबीच्या साधारण निम्म्यापर्यंत, म्हणजे सुमारे दोनशे नॅनोमीटर. दोन ठिपके त्याहून जवळ आले की एकच दिसणार, लेन्स कितीही चांगली असो. ते सूत्र येनात त्यांच्या स्मारकावर कोरलेलं आहे. काका त्यांना 'आबासाहेब' म्हणतात. 'आबासाहेबांनी सांगून ठेवलंय,' असं ते बोलतात तेव्हा नवीन मुलांना वाटतं की हे पूर्वीचे डायरेक्टर असावेत.

२०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल बेत्झिग, हेल आणि मॉर्नर यांना ही मर्यादा ओलांडल्याबद्दल मिळालं, तेव्हा काका दोन दिवस अस्वस्थ होते म्हणे. एकत्र कुटुंबात थोरल्यांचा शब्द मोडून कुणीतरी वेगळी चूल मांडावी तसे. तिसऱ्या दिवशी त्यांना तोडगा सापडला. "नियम मोडला नाही हो. वळसा घातला." हेलची युक्ती ते मेदूवड्यानं सांगतात. एक लेसर ठिपका पेटवतो. लगेच दुसरा लेसर, मेदूवड्याच्या आकाराचा, वरून पडतो आणि कडेचं सगळं विझवतो. उरतं ते वड्याच्या भोकातलं. ठिपका आबासाहेबांच्या हिशेबापेक्षा लहान होतो, पण आबासाहेबांना कुणी खोटं म्हणत नाही. कॉन्फोकल समजावायला ते बाकरवडी वापरतात, ती न तोडता आतली वळणं मोजायची असतात. मार्व्हिन मिन्स्कीनं १९५७ मध्ये कॉन्फोकलच्या पेटंटचा अर्ज केला तो एका बारीक छिद्रासाठी: नेमक्या एका पातळीवरून आलेला प्रकाश तेवढा आत, बाकीचा दारातूनच परत. काकांच्या सगळ्या उपमा कँटीनमधल्या का असतात हे मला हळदीनंतर विचारायचं धाडस झालं नाही.

त्यांचा खरा माणूस मात्र लेवेनहुक. डेल्फ्टचा कापडवाला, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला, इवल्याशा एका भिंगातून स्वतःच्या दातांवरचं कीट बघणारा. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर डेल्फ्टला आला, तेव्हा त्यानं ही भिंगं बघायला मागवली. लेवेनहुकनं झारला बघू दिलं, पण सर्वांत चांगली भिंगं तो सहसा कुणाला दाखवत नसे. "पहिला फॅसिलिटी मॅनेजर," काका म्हणतात. ६३ एक्सची एक नवी कोरी लेन्स त्यांच्याही कुलपात आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

शोधनिबंधांत काका शेवटून दुसऱ्या परिच्छेदात सापडतात. आभार. बहुतेकदा 'इमेजिंग फॅसिलिटी' एवढंच, कधी नावासकट, कधी नावातलं एक अक्षर चुकवून. ते हे सगळे निबंध मागवून घेतात, आभाराच्या पानाची प्रत काढून फायलीत लावतात आणि चित्रं लगेच तपासतात. कुणी चित्राचा उजेड वाढवून फिकट पट्टा ठळक केला असेल तर पेन्सिलीनं शेजारी 'हं' लिहून ठेवतात. त्या फायलीत 'हं' पुष्कळ आहेत.

गेल्या वर्षी काकांना मोतीबिंदू निघाला. इतकी वर्षं आयपीसमध्ये घातलेला डोळा, त्यामुळे आम्हाला वाटलं की ते घाबरतील. ते घाबरले नाहीत. शस्त्रक्रिया भूल फक्त डोळ्यापुरती देऊन होते, आणि काका टेबलावर आडवे पडल्या पडल्या वरचा शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक निरखायला लागले.

"डॉक्टर, याचं ऑब्जेक्टिव्ह शेवटचं कधी पुसलंत?"

"आजोबा, बोलू नका."

आयुष्यभर काका असलेल्या माणसाला हा घाव डोळ्याहून जिव्हारी लागला. घरी आल्यावर त्यांनी डॉक्टरांच्या हाताचं कौतुक केलं. लॅम्प मात्र जुना हॅलोजन होता आणि ते बरोबर नाही, हेही सांगितलं.

दोन आठवड्यांनी ते तळघरात परतले. चाचणीची स्लाइड लावली, डॅपी या केंद्रकं रंगवणाऱ्या निळ्या रंगाची. डाव्या डोळ्यानं पाहिलं. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. मोतीबिंदूनं पिवळट झालेली लेन्स निळा प्रकाश अडवते, आणि डाव्या डोळ्यातली आता नवी होती. डाव्याला केंद्रकं दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखी निळी दिसली. उजव्याला मळकट. काका बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. कित्येक वर्षं ते पोरांना ओरडत होते: निळा फिका आहे, रंग नीट बसलेला नाही, पुन्हा करा. पोरं बिचारी पुन्हा करत होती.

त्यांनी कुणाची माफी मागितली नाही. तसा रकानाच नव्हता. त्यांनी कॉन्फोकलचं लॉगबुक ओढलं आणि नेहमीच्या अक्षरात नोंद केली. ती अजून तिथे आहे, मी परवाच पाहिली:

'डावा डोळा: लेन्स बदलली. निळ्या चॅनेलमध्ये सुधारणा. उजवा डोळा: सर्व्हिस बाकी. आधीपासून तसाच होता.'

आणि त्याखाली पेन्सिलीनं, कुणा विद्यार्थ्याच्या अक्षरात: 'हे कारण नाही.'